चारशे बारा तबकड्या आणि तीन वाकडे दात

खाली सही करणारी मी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या करणे (आता निवृत्त), माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्या दडपणाखाली न येता, चष्मा पुसून आणि चहा संपवून हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी मागच्या सोमवारी त्याची खात्री करून घेतली. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले होते. मी तीसपर्यंत पोचले तेव्हा तेच म्हणाले, पुरे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा रागाच्या भरात वहीच्या पानावर लिहिले होते की मी गेल्यावर माझ्या सगळ्या तबकड्या फोडून टाकाव्यात. त्या दिवशी माझ्या यजमानांनी एका तबकडीवर गरम पातेले ठेवले होते. ते पान सापडलेच, तर रद्द समजावे.

नावे, पत्ते आणि खात्यांचे क्रमांक वकीलबाईंनी सोबतच्या यादीत घेतले आहेत. इथे मी माणसांना घरात म्हणते तेच म्हटले आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची बंद गॅलरी, यजमानांच्या हयातीपर्यंत यजमानांचे आणि त्यांच्यानंतर मुलीचे. शब्दकोशांचे कपाट यजमानांनी लावले आहे, त्याला हात लावू नये. गॅलरीतल्या माझ्या कामाच्या टेबलावर प्लास्टरचे डाग आहेत. ते निघत नाहीत. मुलगी ते घासायला बसली तर तिचे ती जाणे.

कलम २. बँकेत जे काही आहे ते मुलीला. किती आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, कारण पासबुक तीच भरून आणते.

कलम ३. माझी हत्यारे: मेण कापायच्या सुऱ्या, बारीक कानशी, दोन भिंगे आणि मापाचे तीन चिमटे. यांतला एक चिमटा वगळून (तो कलम ८ मध्ये गेला आहे) बाकी सर्व, दातांच्या कार्यशाळेत आज माझ्या खुर्चीवर जी बसते तिला. तिचा हात चांगला आहे. घाई करते, पण मीही करत असे.

कलम ४. मला जॅझची आवड कशी लागली, याची नोंद इथे करायची गरज नाही, असे वकीलबाईंचे मत आहे. माझे मत वेगळे आहे आणि मृत्युपत्र माझे आहे.

चोविसाव्या वर्षी मी एका हॉटेलच्या व्यवस्थापकांची कवळी पोचवायला गेले होते. दुपारचे तीन वाजले असतील. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पाच माणसे वाजवत होती: पियानो, ड्रम, माणसाएवढा उंच बास, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट. ऐकायला सात जण, त्यांतले दोन वेटर. आधी मला वाटले, यांचे आपसांत काहीतरी बिनसले आहे. मग हळूहळू कळले की एक साधी चाल घेऊन हे पाचजण निघाले आहेत, वाटेत जो तो आपापल्या गल्लीत शिरतो आहे, आणि आता हे कायमचे हरवले असे वाटते तेवढ्यात पाचही जण एकाच चौकात येऊन उभे राहतात. ट्रम्पेटवाल्यांनी एक सूर चुकीचा लावला. मला संगीतातले ओ की ठो कळत नव्हते, पण ते स्वतःच भुवया उंचावून हसले, म्हणून चूक कळली. मग त्यांनी तोच चुकीचा सूर मुद्दाम पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला, आणि चौथ्या वेळी तो असा काही बसला की पियानोवाल्याने मान मागे टाकली. मी कवळीची डबी छातीशी धरून शेवटपर्यंत उभी होते. व्यवस्थापकांना दात दोन तास उशिरा मिळाले. तेवढ्या वेळात त्यांची एक बैठक होती, ती त्यांनी तोंड मिटून पार पाडली. बैठक नेहमीपेक्षा चांगली झाली असे ऐकते.

त्यानंतर दर रविवारी दुपारी तीन ते पाच मी त्या हॉलमध्ये, तिसऱ्या रांगेत उजवीकडे. तिथून ट्रम्पेटवाल्यांचे तोंड नीट दिसे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत असे हे खरे आहे, पण ते धंद्यामुळे. शिंप्याची नजर जशी आधी सदऱ्याच्या शिवणीकडे जाते, तसे माझे होते.

लग्न ठरताना मी यजमानांना सांगितले की रविवारी तीन ते पाच मी घरी नसेन. ते म्हणाले, बरं. त्यांना वाटले होते, वर्षभरात खूळ उतरेल. ते छापखान्यात प्रुफे तपासत. पहिल्या रविवारी ते माझ्याबरोबर आले, दहा मिनिटे बसले, आणि हॉलबाहेरच्या बाकावर जाऊन त्यांनी पिशवीतून प्रुफे काढली. पुढची बारा वर्षे त्यांचे आसन तिथेच होते. जॅझबद्दल त्यांचे मत त्यांनी एकदाच सांगितले आणि नंतर बदलले नाही. म्हणाले, भांड्यांची मांडणी पडली तरी एकदाच पडते, यांची दोन तास पडत असते.

कलम ५. तबकड्या. एकूण चारशे बारा, त्यांतल्या दोन एकसारख्या. पलंगाखाली, शब्दकोशांच्या मागे, आणि ज्या कपाटात मुलीला वाटते पाहुण्यांची अंथरुणे आहेत त्या कपाटात. सोबत एक रेकॉर्ड प्लेअर, सुई नवी.

जमवण्याचा नाद मला हॉलमुळेच लागला. रविवार संपला की सोमवार ते शनिवार काय करायचे, हा प्रश्न होता. जुन्या सामानाच्या दुकानांतून, घर बदलणाऱ्या लोकांच्या जिन्यांतून, एकदा तर एका रुग्णाच्या तोंडचा साचा घेत असताना त्याच्याशी बोलून (तो बोलू शकत नव्हता, त्याने मान हलवली) मी त्या मिळवल्या. तरीही माझ्या चारशे बारा तबकड्यांबद्दल मी स्वच्छ सांगते की समोर बसून ऐकण्याची सर त्यांना नाही. तबकडी म्हणजे साचा. साच्यावरून तोंड कसे होते ते कळते, पण साचा चावत नाही.

मुलगी म्हणते, आई, हे सगळं फोनवर आहे. असेल. तिच्या लग्नाचे फोटोही फोनवर आहेत, म्हणून तिने जावयांना मोडीत काढलेले नाही.

संग्रह एकत्र राहावा अशी जमवणाऱ्यांची शेवटची इच्छा असते. माझी नाही. एकत्र राहिलेल्या संग्रहाला कुलूप लागते. म्हणून असे करावे: कलम ८ मधली एक तबकडी सोडून बाकी सर्व लोकांना वाटून टाकाव्यात. जो कोणी घरी येईल, त्याने एक तबकडी निवडावी आणि तिची एक बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकावी. मध्ये बोलू नये, फोन बघू नये. शेवटपर्यंत बसला तर तबकडी त्याची. डोळे मिटून मान डोलावणाऱ्याला जास्तीचे गुण नाहीत. परीक्षक म्हणून यजमानांनी बसावे. त्यांना यातले काही कळत नाही, त्यामुळे त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप कोणी करणार नाही.

कलम ६. बुटांच्या खोक्यात, कापसात गुंडाळलेले प्लास्टरचे दोन साचे आणि छोट्या पट्टीवर बसवलेल्या तीन-तीन दातांचे दहा नमुने आहेत. ते ट्रम्पेटवाल्यांना द्यावेत. हे त्यांच्या मालकीचे का, ते लिहून ठेवणे भाग आहे, कारण मुलीने एकदा ते खोके उघडून झाकण लगेच बंद केले होते आणि आठवडाभर माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती.

मी अडतीस वर्षांची होते. एका रविवारी ट्रम्पेटवाले आले नाहीत. सॅक्सोफोनवाल्याने सांगितले की हॉलच्या मागच्या जिन्यावरून ड्रम उतरवताना ते पडले, वरचे पुढचे तीन दात गेले. दुसरे लावून घेतलेत, येतील. दोन महिन्यांनी ते आले. नवे दात झकास दिसत होते. ट्रम्पेट ओठांना लावला आणि पहिल्याच सुराला मला कळले की वारा कुठूनतरी निसटतो आहे. सूर येत होता, पण उसवलेल्या पिशवीतून यावा तसा. त्यांनी दोन गाणी कशीबशी ओढली, मध्यंतराआधीच ट्रम्पेट पेटीत ठेवला, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या, आणि सगळ्यांना नमस्कार करून निघून गेले. पुढचे चार रविवार चौघांनीच वाजवले. चौघे वाईट नव्हते. पण जेवणाच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी असली की बाकीचे जसे जरा जास्त मोठ्याने बोलतात, तसे ते वाजवत.

पियानोवाल्याकडून कळले की ते आता पार्सल कचेरीच्या खिडकीवर बसतात. मी गेले. विनाकारण कसे जाणार, म्हणून एका खोक्यात टॉवेल घालून आईच्या पत्त्यावर पार्सल केले. त्यांनी वजन केले, आत काय आहे विचारले, मी टॉवेल म्हटल्यावर वर बघून हसले. तेवढ्यात मला ते तीन दात जवळून दिसले.

ते मी केलेले होते.

आमच्या कार्यशाळेत सहसा दात मागवणाऱ्याचे नाव येत नसे. साचा येई, क्रमांक येई आणि चिठ्ठी येई. त्या चिठ्ठीवर आमच्या दातांच्या डॉक्टरांनी लिहिले होते: सरळ, उजळ, सुबक. मी तसेच केले. डॉक्टरांनी ते खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून पाहिले आणि सगळ्यांसमोर मला शाबासकी दिली. त्या वर्षातले माझे सगळ्यात सुंदर काम ते. आईला मूल ओळखू यावे तसे आपण केलेले दात ओळखू येतात. ज्या माणसाला ऐकायला मी चौदा वर्षे तिसऱ्या रांगेत बसत होते, त्याचा सूर मीच बंद केला होता, आणि वर शाबासकी घेतली होती.

मी त्यांना सांगितले, "हे दात मी केलेत."

ते म्हणाले, "छान झालेत. सगळे म्हणतात."

"आणि ट्रम्पेट?"

त्यांनी पावतीवर शिक्का मारला. "दात आले, बाई. सूर गेला." मग माझ्या मागे बघून म्हणाले, "पुढचे कोण आहेत?"

आईचे पत्र आले की टॉवेल मिळाला, पण तुझे बरे चालले आहे ना.

घरी आल्यावर मी त्या बँडची तबकडी काढली. त्यांची आयुष्यात एकच तबकडी निघाली. तिच्या पाकिटावर ट्रम्पेटवाले डावीकडून दिसतात, तोंड उघडून हसताना. मी भिंग लावले. पुढचा डावा दात शेजारच्यावर चढलेला, दीड मिलिमीटर बाहेर. त्याच्या खाली ओठ येऊन बसेल एवढी खोबण. हा माणूस लहानपणापासून त्या वाकडेपणावर ओठ टेकून वाजवत आला होता. मी तिथे सरळ भिंत बांधून दिली होती, ओठाने टेकायचे कुठे?

डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "लोक वाकडे दात सरळ करून घ्यायला येतात. तुम्ही सरळ वाकडे करणार?" पण सामान वापरायला त्यांनी नाही म्हटले नाही, आणि तो माणूस तयार असेल तर जुने काढून नवे बसवून देण्याचे कबूल केले.

तो माणूसच तयार नव्हता. मी आणखी दोनदा पार्सल घेऊन गेले. (आईकडे आता तीन टॉवेल झाले होते.) तिसऱ्या वेळी मी खिडकीवर तबकडीचे पाकीट ठेवले, फोटोवर पेन्सिलने मापे लिहिली होती ती दाखवली आणि सांगितले की चूक तुमच्या ओठाची नाही, माझ्या हाताची आहे. त्यांनी पाकीट उचलून फोटो डोळ्यांजवळ नेला. मागे रांग लागली. शेवटी म्हणाले, "मी हसताना इतका वाईट दिसायचो?" आणि मग, "मंगळवारी सहाला सुटतो."

डॉक्टरांनी ते सुंदर दात काढले. म्हणजे बघा, ज्यांच्यामुळे माणसाला निदान नीट खाता येत होते, चारचौघांत हसता येत होते, ते दात ट्रम्पेटवाल्यांनी माझ्या शब्दावर काढू दिले. मधल्या काळात माझे कच्चे नमुने लावून ते खिडकीवर बसत आणि लोक त्यांना दोनदा विचारत, काय म्हणालात? मंगळवारी साडेसहाला ते आमच्या गॅलरीत येत. मी नमुना बसवी, ते ट्रम्पेट लावत, वारा निसटे, मी काढून कानस लावी, पुन्हा बसवी.

आमच्या मोठ्या वन्सं, म्हणजे यजमानांची थोरली बहीण, खालच्या मजल्यावर राहतात. त्यांनी जिन्यात यजमानांना गाठून सांगितले, "अरे, तुझी बायको दर मंगळवारी परक्या पुरुषाच्या तोंडात हात घालते." यजमान म्हणाले, "तिचा धंदाच तो आहे." हे उत्तर वन्संनीच पुढे मला ऐकवले, भाऊ कसा हातचा गेला ते पटवून द्यायला. पुढे अर्थात ही बातमी दूधवाल्यापासून शिवणकामवाल्या बाईंपर्यंत सगळ्यांना कळली. पाचव्या मंगळवारपासून यजमान छापखान्यातून लवकर येऊन गॅलरीच्या दारात प्रुफे घेऊन बसू लागले. म्हणाले, इथे उजेड चांगला आहे. त्यांना माझ्याबद्दल तेव्हा किंवा पुढे कधीही किंतु आला नाही, हे मी इथे अभिमानाने नमूद करते.

आठवा नमुना फसला. नववाही फसला. डावी बाजू फोटोतल्यासारखी हुबेहूब जमली होती, तरी वारा निसटतच होता. ट्रम्पेटवाल्यांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवला. म्हणाले, "राहू द्या वहिनी. तुम्ही खूप केलंत. मला त्या खिडकीची सवय झालीय." मी कानस पुसत बसले.

दारातून यजमान मान वर न करता म्हणाले, "यांचा 'फ' गळतोय."

आम्ही दोघे त्यांच्याकडे बघत राहिलो. छापखान्यात एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ऐकायचे, अशी पद्धत होती. तीस माणसांची वाचणी ऐकून यांचे कान अक्षरांना सरावले होते. ते म्हणाले, "'व' ठीक आहे. 'फ' उजवीकडून गळतो. चार मंगळवार ऐकतोय." मग उठून शब्दकोश आणला, 'फ'चे पान उघडून ट्रम्पेटवाल्यांपुढे धरले आणि वाचा म्हणाले. आणि तो माणूस, ज्याच्यासाठी लोक रविवारची झोप सोडून येत, तो आमच्या गॅलरीत बसून फळी, फाटक, फावडे, फुंकर, फुगा असे दोन पाने वाचत राहिला. यजमान पेन्सिलने खुणा करत होते.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फोटो डावीकडून काढलेला होता. तिसऱ्या रांगेतूनही मला त्यांची डावी बाजूच दिसे, उजवा दात मी कधी नीट पाहिलाच नव्हता. तो मी अंदाजाने केला होता, आणि अंदाजाने करताना हात पुन्हा सरळपणाकडे गेला होता.

दहाव्या नमुन्याला उजवा दात मी किंचित वळवला. 'फुंकर' जवळजवळ स्वच्छ आली. अकराव्याला आणखी अर्धा मिलिमीटर घासला, आणि या वेळी यजमानांनी पेन्सिल खाली ठेवली. ट्रम्पेटवाल्यांनी एकच सूर लावला आणि धरून ठेवला. तो भरलेला होता, काठोकाठ. गॅलरीची खिडकी उघडी राहिली होती. खालून वन्संचा आवाज आला, "आज जरा तरी बरं वाजवलं."

तो अकरावा नमुना डॉक्टरांनी पक्क्या दातांत उतरवून घेतला आणि बसवून दिला, म्हणून खोक्यात दहाच आहेत.

ते परत आले त्या रविवारी यजमान पहिल्यांदा बाकावरून उठून आत आले आणि माझ्या शेजारी बसले. पहिल्या गाण्याबद्दल मला विचारू नये, ते सगळे माझे नाक शिंकरण्यात गेले. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर यजमान माझ्या कानाशी म्हणाले, "'फ' स्वच्छ आहे." तिसऱ्या गाण्याला ते झोपले. ट्रम्पेटवाल्यांनी स्टेजवरून ते पाहिले, आणि ट्रम्पेट खाली करून त्यांच्याकडे बघत हसले. वाईटच दिसत होते. मी केले होते अगदी तसे.

त्यानंतर त्यांनी सोळा वर्षे वाजवले. आता ते लेकीकडे असतात, वाजवत नाहीत, आणि पूर्ण कवळी लावतात. ती दुसऱ्या कोणीतरी केली आहे. मी फोटोत पाहिली आहे. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

कलम ७. मोठ्या वन्संना माझा छोटा रेडिओ आणि माझी खिडकीतली खुर्ची, कारण तिच्यातून जिना पूर्ण दिसतो. त्यांची कवळी मीच केली आहे. गेली वीस वर्षे त्या माझ्याबद्दल जे काही बोलल्या, ते माझ्याच दातांनी बोलल्या. उच्चार नेहमी स्वच्छ होते, याचा मला अभिमान आहे. कलम ३ मधल्या बाईंना मी सांगून ठेवले आहे, कवळी सैल झाली तर त्यांनी घरी येऊन बसवून द्यावी. वन्सं गप्प बसल्या तर या जिन्यात करमणार नाही.

कलम ८. रविवारच्या पुरवणीत संगीतावर लिहिणारे समीक्षक. ट्रम्पेटवाले परतल्यानंतर त्यांनी लिहिले होते की, आघात आणि विरह यांतून तावून निघालेला हा सूर आता दुःखाच्या तळापर्यंत पोचला आहे. ते दुःख नव्हते. ती डावीकडे दीड मिलिमीटर आणि उजवीकडे किंचित वळण होते. मी तसे पत्र लिहिले होते, ते छापले नाही. शिवाय हे गृहस्थ दर वेळी मध्यंतराला उठून जात आणि उत्तरार्धाबद्दल जास्त लिहीत. त्यांना मी माझा मापाचा सर्वांत बारीक चिमटा आणि बँडच्या त्या एका तबकडीची दुसरी प्रत देते. अट अशी की त्यांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात. दुसरी बाजू जास्त चांगली आहे. त्यांना हे ठाऊक असायचे कारण नाही.

कलम ९. मी गेल्यावर भाषणे करू नयेत. मुलीने वर्षातून एकदा तरी कुठल्या तरी हॉलमध्ये जाऊन, वाजवणाऱ्यांच्या समोर बसून ऐकावे. जॅझच पाहिजे असे नाही. आवडलेच पाहिजे असेही नाही. फक्त त्यांच्यातला कोणी चुकला आणि हसला, तर तेव्हा तिथे असावे.

दुरुस्ती. मागच्या आठवड्यात हा मसुदा यजमानांनी मागून घेतला. म्हणाले, वकिलांच्या टंकलेखकांवर माझा विश्वास नाही. काल त्यांनी तो लाल पेन्सिलीच्या खुणा करून परत दिला. स्वल्पविराम, दोन ऱ्हस्व-दीर्घ, आणि एका जागी 'पातेले' नव्हे 'कढई' (मान्य नाही, पातेलेच होते). आणि कलम ६ मधले "त्यांना माझ्याबद्दल तेव्हा किंवा पुढे कधीही किंतु आला नाही" हे वाक्य त्यांनी खोडले आहे. समासात लिहिले आहे: चूक. आला होता. तीन आठवडे.

पस्तीस वर्षांत त्यांनी हे मला सांगितलेले नव्हते. मी कागद घेऊन गॅलरीत गेले. ते दाढी करत होते.

मी म्हणाले, "तीन आठवडे? मग मला विचारलं का नाहीत?"

त्यांनी आधी गालाची एक बाजू पुरी केली. मग म्हणाले, "प्रुफात चूक दिसली की लगेच लेखकाला विचारायचं नसतं. आधी मूळ प्रत काढून बघायची. म्हणून दारात येऊन बसलो."

"आणि?"

"मूळ प्रत बरोबर होती," ते म्हणाले. "चूक खालच्या मजल्यावर छपाईत झाली होती."

वकीलबाई म्हणाल्या की ते वाक्य गाळून स्वच्छ प्रत काढू. मी नको म्हटले. वाक्यही राहू द्यावे आणि समासातली दुरुस्तीही. त्या जागी आम्ही दोघांनी सह्या केल्या आहेत. दुरुस्ती मला मान्य आहे.

वरील सर्व मी स्वतः वाचले, यजमानांनी दोनदा वाचले, आणि खाली माझ्या हाताने सही केली आहे. सही थोडी वाकडी आली आहे. ती तशीच असते.

मृत्युपत्र करणारी: (सही)

या बाईंनी आमच्या दोघांच्या देखत सही केली, त्या पूर्ण शुद्धीत होत्या, आणि सही करताना आम्हा दोघांच्याही दातांकडे बघत होत्या. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही, हे समजून आम्ही साक्ष देतो.

साक्षीदार १: जुन्या डॉक्टरांची मुलगी, दंतवैद्य (सही)

साक्षीदार २: तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त भूगोल शिक्षक, मंगळवारचे ट्रम्पेट ऐकलेले (सही)

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार